टीपीएस किती ते नंतर, आधी व्यवहार पक्का कधी ते सांगा

या वेळच्या पत्रांमधे ब्लॉकचेनचे (व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, एकामागे एक जोडत जाणारी आणि अनेक संगणकांवर, म्हणजे नोडवर, सारखी ठेवलेली वही) प्रश्न जास्त आलेत आणि बहुतेकांत टीपीएस आहेच, म्हणजे सेकंदाला किती व्यवहार होतात तो आकडा. कुणी त्यावरून प्रोजेक्ट लिहितंय, कुणी नोकरीत मोजतंय, कुणाला कोणीतरी तो आकडा दाखवून सॉफ्टवेअर विकतंय. तेव्हा हा अंक सगळा त्यालाच देऊन टाकू.

प्रश्न : आम्ही चौघं सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टचा विषय कन्सेन्सस अल्गोरिदमच्या (सगळ्या नोडचं एकमत करायच्या पद्धतींच्या) परफॉर्मन्सची तुलना. नेटवरून आकडे गोळा करून टेबल केलंय, बिटकॉइन ७, इथेरियम १५, हायपरलेजर फॅब्रिक ३,५०० आणि सोलाना ६५,०००. गाइड सर म्हणतात निष्कर्षात ‘सोलाना सर्वोत्तम’ लिहा आणि मोकळे व्हा. पण एक्स्टर्नलने विचारलं की मग बाकीचे लोक वापरतात तरी कशाला, तर काय सांगायचं?

उत्तर : एक्स्टर्नल हे विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे. तुमचे चारही आकडे खोटे नाहीत पण चारही वेगवेगळ्या जातीचे आहेत. बिटकॉइनचा ७ हा हिशोबाने काढलेला कमाल आकडा, इथेरियमचा १५ हा चालत्या नेटवर्कवर बरीच वर्षं दिसत आलेला साधारण आकडा, फॅब्रिकचा ३,५०० हा २०१८ च्या एका पेपरमधला, ठराविक सेटअप लावून मोजलेला, आणि सोलानाचा ६५,००० हा क्षमतेचा दावा. हे चार एका कॉलमात टाकले की टेबल दिसतं छान, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

आधी तो ७ कुठून आला ते कागद घेऊन बसून करा, व्हायवाला फळ्यावर करून दाखवता आलं पाहिजे. बिटकॉइनच्या ब्लॉकची मूळ मर्यादा १ एमबी, ढोबळ १० लाख बाइट. एक साधा व्यवहार २५० बाइटच्या आसपास धरा, म्हणजे ब्लॉकमधे ४,००० व्यवहार. ब्लॉक येतो सरासरी १० मिनिटांनी, म्हणजे ६०० सेकंद. भागाकार केला की ६.६७. (२०१७ च्या सेगविट या बदलानंतर ब्लॉकमधे थोडं जास्त मावतं, पण आकड्याची जात बदलत नाही.) आता मला सांगा, या भागाकारात हॅशिंग कुठे आलं, प्रूफ ऑफ वर्क (नवा ब्लॉक जोडायला माइनरनी संगणकाची ताकद लावून हॅशिंगचं कोडं सोडवायचं ही बिटकॉइनची पद्धत) कुठे आलं? कुठेच नाही. ब्लॉक केवढा आणि किती वेळाने, एवढी दोन सेटिंग आहेत.

मग तुमच्यातला एखादा म्हणेल की अंतर १० मिनिटांचं १० सेकंद करून टाकू, टीपीएस ६० पट. कागदावर हो. कन्सेन्सस खरा इथे आडवा येतो. २०१३ मधे ईटीएच झुरिकच्या डेकर आणि वॉटनहोफर या दोघांनी ब्लॉक नेटवर्कभर पसरायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं, तर निम्म्या नोडपर्यंत पोचायला साधारण ६.५ सेकंद आणि सरासरी १२.६ सेकंद. ब्लॉक १० मिनिटांनी येतोय तोवर १२ सेकंद कोण विचारतो, पण तोच १० सेकंदांनी यायला लागला तर नवा ब्लॉक पोचायच्या आतच निम्मे माइनर जुन्या ब्लॉकच्या पुढे काम करत बसलेले असणार, एकाच उंचीवर, म्हणजे चेनमधल्या एकाच क्रमांकावर, दोन-दोन ब्लॉक निघणार, त्यातला एक टाकून द्यावा लागणार आणि त्याच्यामागची मेहनत चेनच्या सुरक्षेत धरली जाणार नाही. मग हल्ला करणाऱ्याला निम्मी ताकदही लागत नाही, त्याहून कमीत भागतं. २०१६ मधे कॉम्पॅक्ट ब्लॉक (सगळा ब्लॉक न पाठवता थोडक्यात पाठवायची पद्धत) आले आणि हे पसरणं बरंच वेगवान झालं, पण नियम तोच राहिला की ब्लॉकमधलं अंतर हे पसरण्याच्या वेळेपेक्षा खूप मोठं पाहिजे. म्हणून प्रूफ ऑफ वर्कचा वेग वाढवायला गेलं की बिल सुरक्षेवर फाटतं.

दुसरी गोष्ट जी तुमच्या टेबलात अजिबातच नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे व्यवहार पक्का कधी झाला म्हणायचा. बिटकॉइनमधे ब्लॉकमधे आला म्हणजे पक्का झाला असं नाही, त्याच्यावर आणखी ब्लॉक चढत जातात तसतसा तो उलटण्याची शक्यता कमी होत जाते, शून्य कधीच होत नाही. बिटकॉइन काढणाऱ्या सातोशीने २००८ च्या मूळ पेपरमधेच याचं गणित दिलंय. हल्लेखोराकडे नेटवर्कची १० टक्के ताकद असेल तर उलटण्याची शक्यता हजारात एकाच्या खाली न्यायला ५ ब्लॉक पुरतात. ३० टक्के असेल तर २४ ब्लॉक लागतात, म्हणजे चार तास. ४० टक्के असेल तर ८९, म्हणजे जवळजवळ १५ तास. सगळे जे ‘सहा कन्फर्मेशन, एक तास’ म्हणतात तो निसर्गनियम नाही, समोरच्याकडे ताकद किती असेल याचा अंदाज बांधून ठरवलेली सोय आहे. आणि हे नुसतं कागदावरचंही नाही. मार्च २०१३ मधे सॉफ्टवेअरच्या दोन व्हर्जनमधल्या फरकाने बिटकॉइनची चेनच फुटली होती आणि एका फाट्यावरचे २४ ब्लॉक शेवटी सोडून द्यावे लागले. इथेरियम क्लासिकवर (इथेरियमपासून वेगळी झालेली चेन) तर ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीनदा ५१ टक्क्यांचा, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद लावून व्यवहार उलटवण्याचा, हल्ला झाला. अल्गोरिदमची जात बिटकॉइनचीच, प्रूफ ऑफ वर्क, पण मागे ताकद लावणारे माइनर थोडे. म्हणजे ‘प्रूफ ऑफ वर्क सुरक्षित आहे का’ हा प्रश्नच अर्धा आहे, कुणाचं आणि किती ताकदीचं ते सांगितल्याशिवाय.

आता इथेरियम आणि सोलाना शेजारी ठेवा. सप्टेंबर २०२२ पासून इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर (ताकद लावण्याऐवजी पैसे तारण ठेवलेल्या व्हॅलिडेटरनी मत देऊन ब्लॉक मंजूर करायचे) आहे, दर १२ सेकंदांना एक स्लॉट, म्हणजे ब्लॉकची पाळी, ३२ स्लॉटचा एक इपॉक, आणि व्यवहार फायनल व्हायला साधारण दोन इपॉक, म्हणजे ६४ गुणिले १२ सेकंद, १२.८ मिनिटं. सोलानाचा स्लॉट ०.४ सेकंदाचा, आणि त्यांच्याकडे ‘फायनलाइज्ड’ म्हणायला साधारण ३२ स्लॉट जावे लागतात, १२.८ सेकंद. आकडा योगायोगाने तोच, फक्त एकीकडे मिनिटं आणि दुसरीकडे सेकंद! म्हणजे या बाबतीत सोलाना खरंच खूप पुढे आहे आणि ते मोकळेपणी लिहा. पण ६५,००० च्या शेजारी हेही लिहा की चालत्या नेटवर्कवरचा आकडा काही हजारांत असतो, आणि सोलानात व्हॅलिडेटरचं मतसुद्धा व्यवहार म्हणूनच चेनवर जातं, त्यामुळे एकूण टीपीएसमधे मोठा वाटा मतांचाच असतो. इथेरियममधे एका इपॉकमधे प्रत्येक व्हॅलिडेटर एकदा मत देतो. व्हॅलिडेटर १० लाख धरले तर एका स्लॉटला ३१ हजारांवर मतं होतात. ती मतं सह्या एकत्र करून दाबून बसवलेली असतात, पण त्यांना टीपीएसमधे कोणी मोजत नाही. एकाने मतं मोजायची आणि दुसऱ्याने सोडून द्यायची आणि मग दोघांची तुलना करायची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

तिसरं, बिघडलं की काय होतं. सप्टेंबर २०२१ मधे सोलानावर एका टोकनच्या विक्रीला बॉट्सनी व्यवहारांचा पूर आणला आणि नेटवर्क सुमारे १७ तास बंद पडलं, व्हॅलिडेटरनी आपसात ठरवून ते परत चालू केलं. फेब्रुवारी २०२४ मधे परत एकदा पाचेक तास. इथेरियमचंही मे २०२३ मधे लागोपाठ दोन दिवस बिनसलं, दुसऱ्या दिवशी तर तासाभराहून जास्त वेळ फायनॅलिटीच मिळत नव्हती, पण ब्लॉक निघत राहिले, व्यवहार होत राहिले, फक्त ‘पक्का’ हा शिक्का उशिरा बसला. टेंडरमिंट या कन्सेन्सस पद्धतीच्या घराण्यातल्या चेन (कॉसमॉस वगैरे) मुद्दामच उलट वागतात, मतांच्या ताकदीचा एक-तृतीयांश भाग गायब झाला की थांबतात, पण एकदा दिलेला ब्लॉक मागे घेत नाहीत. थांबणं बरं का फाटे फुटणं बरं याला एकच उत्तर नाही. पैशाच्या सेटलमेंटला मी थांबणारी घेईन, नुसता संदेश-नोंदीचा मामला असेल तर चालू राहणारी.

राहिलं फॅब्रिक, तर त्याला या रांगेत उभंच करू नका. तिथे नोड कोण चालवणार हे आधीच ठरलेलं असतं, कुणीही येऊन सामील होऊ शकत नाही, आणि बराच काळ त्याच्या ऑर्डरिंगला (व्यवहारांचा क्रम लावायला) राफ्ट हे अल्गोरिदमच वापरलं जात होतं जे बंद पडलेला नोड सहन करतं पण खोटं बोलणारा नोड सहन करत नाही. खोटं बोलणाऱ्यांना पुरून उरणारं, म्हणजे बीएफटी, ऑर्डरिंग अधिकृतपणे आलं ते ३.० व्हर्जनमधे, २०२४ ला. अनोळखी हजारो लोकांत एकमत करणं आणि ओळखीच्या पाच कंपन्यांत एकमत करणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, मार्कांची तुलना कशी करणार?

तर निष्कर्षात ‘सर्वोत्तम’ हा शब्दच काढा. टेबलात टीपीएसच्या शेजारी पक्का व्हायला लागणारा वेळ, किती नोडवर आणि कोणत्या सेटअपवर मोजलं, किती बिघाड सहन होतो आणि सहनशक्ती संपली की थांबतं का फुटतं, एवढं घाला. आणि आकडा मोजलेला आहे, हिशोबाचा आहे की दाव्याचा आहे ते प्रत्येकासमोर लिहा. गाइड सरांना टेबल दाखवा, ते नाही म्हणायचे नाहीत.

प्रश्न : पुण्यात एका कंपनीत टेस्टिंगला नवीन लागलेय. फॅब्रिकवर कॅलिपर (वेग मोजायचं टूल) चालवून राफ्टचा परफॉर्मन्स रिपोर्ट द्यायचाय. प्रॉब्लेम असा की लोड अगदी कमी असताना लेटन्सी (एका व्यवहाराला लागणारा वेळ) दोन सेकंदांच्या आसपास येते आणि लोड वाढवला की चक्क कमी होते! सीनियर म्हणतात राफ्ट स्लो आहे, बीएफटी लावून बघ. आणि ऑर्डररचे नोड ३ चे ४ केले तर जास्त सेफ का?

उत्तर : राफ्टला उगाच शिव्या पडतायत. तुमच्या चॅनेलची कॉन्फिगटीएक्स फाइल उघडा, ऑर्डरर विभागात बॅच टाइमआउट बघा. टेस्ट नेटवर्कची सॅम्पल फाइल जशीच्या तशी उचलली असेल तर तिथे २ सेकंद असेल आणि खाली मॅक्स मेसेज काउंट १०. म्हणजे ऑर्डररला सांगितलंय की १० व्यवहार जमले की ब्लॉक काप, नाही जमले तर २ सेकंद वाट बघ आणि मग काप. तुम्ही सेकंदाला एक व्यवहार पाठवताय, दहा जमणार कधी, तो बिचारा दोन सेकंद थांबतोय आणि मग जेवढे आहेत तेवढ्यांचा ब्लॉक काढतोय. लोड सेकंदाला १०० केला की दहा व्यवहार एक-दशांश सेकंदातच जमतात, लगेच ब्लॉक, लेटन्सी खाली. तुम्ही राफ्ट मोजलंच नाही अजून, टाइमर मोजला. आधी टाइमआउट अर्धा सेकंद करून बघा, मग काउंट ५०, १००, ५०० असा वाढवत बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक रिपोर्टच्या वर ही दोन्ही सेटिंग छापा. हे न छापलेला फॅब्रिकचा बेंचमार्क मी तरी वाचत नाही.

रिपोर्टमधे सेंड रेट (सेकंदाला पाठवलेले) आणि थ्रूपुट (सेकंदाला पुरे झालेले) हे दोन वेगळे कॉलम असतात ते नीट बघा. जोपर्यंत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतायत तोपर्यंत सिस्टिमला काही झालेलं नाही, तुम्ही देताय तेवढं ती घेतेय, मग तो थ्रूपुट तिची मर्यादा नाही, तुमची आहे. समजा ३०० पाठवले तर ३०० निघाले, ४०० ला ३९५, आणि ५०० पाठवल्यावर ४१० च निघाले आणि लेटन्सी एकदम चढली, तर मर्यादा ४०० च्या आसपास आहे आणि ५०० च्या रनमधली लेटन्सी म्हणजे फक्त रांगेत उभं राहण्याचा वेळ आहे, तो जितका जास्त वेळ टेस्ट चालवाल तितका वाढत जाणार. असा रन ‘सरासरी लेटन्सी’ म्हणून रिपोर्टात टाकू नका.

फेलचा कॉलमही वाचा हं. सगळे व्यवहार एकाच ‘की’वर (एकाच नोंदीवर) लिहिणारे असतील, म्हणजे टेस्ट लिहिणाऱ्याने आळसाने एकच खातं धरून त्यात सारखी भर घातली असेल, तर फॅब्रिकमधे एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट येऊन एका ब्लॉकमधला त्या की वरचा पहिला व्यवहार पास आणि बाकीचे अवैध. ऑर्डरिंगचं त्यात काही चुकत नाही, फॅब्रिक आधी व्यवहार चालवून बघतं, मग क्रम लावतं, मग तपासतं, त्यामुळे क्रम लागेपर्यंत वाचलेली किंमत शिळी झालेली असते. वेगवेगळ्या की घेऊन परत चालवा, चित्र बदलेल.

३ चे ४ नोड, तर नको. राफ्टला बहुमत लागतं. तीनात बहुमत दोनाचं, म्हणजे एक पडला तरी चालतं. चारात बहुमत तीनाचं, म्हणजे तिथेही एकच पडलेला चालतो, दुसरा पडला की बंद. खर्च वाढला, सहनशक्ती तीच. वाढवायचेच तर ५ करा, दोन पडले तरी चालेल. बीएफटीला मात्र चार नोड ही सुरुवात आहे, तिथे हिशोब तीन पट अधिक एक असा असतो, एक खोटारडा सहन करायचा तर चार, दोन सहन करायचे तर सात.

आणि सीनियरना बीएफटीचा मोह कशासाठी झालाय माहीत नाही, वेगासाठी झाला असेल तर तो चुकीच्या दिशेने झालाय. १९९९ मधे कास्त्रो आणि लिस्कोव यांनी मांडलेलं पीबीएफटी घ्या, प्रत्येक निर्णयाला तीन फेऱ्या, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलतो. चार नोडला मिळून २४ मेसेज होतात. शंभर नोडला करून बघा, पहिल्या फेरीत ९९, दुसरीत ९९ गुणिले ९९ म्हणजे ९,८०१, तिसरीत १०० गुणिले ९९ म्हणजे ९,९००, बेरीज १९,८००. नोड २५ पट, मेसेज ८२५ पट. २०१७ च्या ब्लॉकबेंच या अभ्यासात फॅब्रिकचं तेव्हाचं ०.६ व्हर्जन, जे पीबीएफटीवर चालायचं, ते १६ नोडच्या पुढे ताणलंच गेलं नव्हतं. पुढे हॉटस्टफसारख्या पद्धतींनी सगळ्यांनी सगळ्यांशी बोलण्याऐवजी लीडरमार्फत मतं गोळा करून हा मेसेजचा भार बराच उतरवला. पण तुमच्या पाच-सात नोडच्या नेटवर्कला हा फरक जाणवणारसुद्धा नाही, बीएफटी घ्यायचं ते एखाद्या सभासद कंपनीवर विश्वास नसेल म्हणून घ्यायचं.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय, डोंबिवलीला असतो, या विषयाची नुसती आवड. २०२२ मधे इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर गेलं तेव्हा सगळीकडे वाचलं की आता ते वेगवान आणि स्वस्त होणार. फी तर नंतरही चढलेलीच दिसत होती. मग बदललं काय?

उत्तर : काका, विजेचं बिल बदललं, आणि ते भयंकर बदललं, खर्च ९९.९ टक्क्यांहून जास्त उतरला. माइनिंगची सगळी मशीन एका दिवसात त्या नेटवर्कपुरती निकामी झाली. पण वेगाचं तुम्ही वाचलंत ते लिहिणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात लिहिलं होतं. आधी ब्लॉक साधारण १३ सेकंदांनी यायचा, नंतर बरोबर १२ सेकंदांनी यायला लागला, फरक एवढाच. ब्लॉकमधे किती काम मावतं त्याला गॅसची (इथेरियमवर काम मोजायचं एकक) मर्यादा असते, ती तेव्हा ३ कोटी होती आणि त्या दिवशी बदललीच नाही. साध्या पाठवापाठवीला २१,००० गॅस लागतो, म्हणजे ब्लॉकमधे सगळे साधेच व्यवहार भरले तर १,४२८, भागिले १२ म्हणजे सेकंदाला ११९. प्रत्यक्षात लोक कॉन्ट्रॅक्ट (चेनवरचे प्रोग्रॅम) चालवतात, त्यातला एकेक व्यवहार लाखांनी गॅस खातो, म्हणून आकडा पंधराच्या आसपास घुटमळायचा. जागा तेवढीच आणि मागणी वाढली की फी चढणार, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला काय सांगायचं.

फी खरी उतरली ती मार्च २०२४ च्या डेनकुन अपग्रेडनंतर, आणि तीही मुख्य चेनवर नाही तर तिच्यावर बसलेल्या दुसऱ्या थरातल्या नेटवर्कवर, कारण त्यांना आपला डेटा ठेवायला वेगळी स्वस्त जागा मिळाली. कन्सेन्सस त्यात बदललं नव्हतं. गॅसची मर्यादाही नंतर २०२५ मधे टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. म्हणजे पद्धत बदलली तेव्हा वेग नाही वाढला, आणि वेग वाढला तेव्हा पद्धत तीच होती.

प्रश्न : यूपीआय सेकंदाला हजारो व्यवहार करतं, मग ते ब्लॉकचेनवर का नाही? (रत्नागिरी)

उत्तर : गरज नाही म्हणून. ऑगस्ट २०२५ मधे यूपीआयवर महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला, त्याला ३१ दिवसांच्या सेकंदांनी भागलं तर सरासरी ७,४०० च्या वर, तेही रात्री दोनची वेळ धरून. यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था मध्यस्थ आहे, बँका आरबीआयच्या नियमात आहेत, वाद झाला तर कुणाकडे जायचं ते ठरलेलं आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्यांना मधे कोणी नको असेल तेव्हाच कन्सेन्ससचा हा सगळा खटाटोप करायचा असतो.

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यात आमची गावची दूध संस्था आहे, मी सचिव. एका कंपनीचे लोक येऊन गेले, म्हणतात दूध संकलनाच्या नोंदी ब्लॉकचेनवर टाका, फॅट-एसएनएफमधे (दुधातले स्निग्ध आणि बाकीचे घन पदार्थ) कोणी फेरफार करू शकणार नाही, आमची सिस्टिम सेकंदाला १०,००० व्यवहार करते. चेअरमनसाहेबांना पसंत पडलंय. घ्यावं का?

उत्तर : सचिवसाहेब, आधी आपला हिशोब करा. तुमचे उत्पादक किती आहेत ते पत्रात नाही, मोठी संस्था म्हणून १,५०० धरू. सकाळ-संध्याकाळ मिळून ३,००० नोंदी, संकलन दोन्ही वेळचं दोन-दोन तास धरलं तर १४,४०० सेकंद. म्हणजे पाच सेकंदांना एक नोंद. बिटकॉइन, ज्याला सगळे कासव म्हणतात, त्यालासुद्धा हे काम झेपलं असतं. १०,००० चा आकडा खरा असो नाहीतर खोटा, त्यासाठी तुम्ही पैसे मोजताय ते कशासाठी?

आता फेरफाराचं. त्यांना एवढंच विचारा की नोड किती आणि ते कुणाच्या ताब्यात. चार नोड आहेत आणि चारही त्यांच्याच सर्व्हरवर आहेत असं उत्तर आलं तर विषय संपला, ज्याच्या हातात चारही मतं तो पाहिजे ते एकमत करू शकतो, मग आत पीबीएफटी असो की आणखी काही. एक नोड संस्थेकडे, एक तालुका किंवा जिल्हा संघाकडे, एक लेखापरीक्षकाकडे, एक कंपनीकडे असं असेल तर बोलण्यात अर्थ आहे, पण मग ते नोड रात्रंदिवस चालू ठेवणार कोण आणि लाइट गेल्यावर काय हेही लेखी घ्या. चारात एकच नोड गैरहजर चालतो. दुसरा पडला की नोंदच होणार नाही आणि सकाळी सहाला रांग लागलेली असणार.

आणि एक गोष्ट कुठलीच चेन करत नाही. मशीनमधे नमुना घालण्याआधी कोणी गडबड केली, किंवा मशीनच नीट कॅलिब्रेट केलेलं नसेल, तर चुकीचा आकडा जसाच्या तसा कायमचा जपला जाईल. तुमच्याकडच्या तक्रारी बहुतेक तिथल्याच असतील, मशीननंतरच्या नसतील, जरा वही काढून बघा.

आपल्याकडे ब्लॉकचेन सरकारी कामात वापरल्याचं उदाहरण आहे, २०२२ मधे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनला जोडायचं काम घेतलं होतं. तिथेही वेग हा मुद्दाच नव्हता, ६५,००० नोंदी सेकंदाला सात या दराने टाकल्या तरी अडीच-पावणेतीन तासांत संपतात. मुद्दा असा की दाखला बघणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या खात्यातला असू शकतो आणि त्याला फोन न करता पडताळता आलं पाहिजे. तुमच्या दुधाच्या नोंदी बाहेरचा असा कोण पडताळणार आहे? उत्पादक स्वतः, बरोबर ना. त्याला त्या क्षणी छापील पावती आणि मोबाइलवर मेसेज गेला, लिटर, फॅट, एसएनएफ, दर सगळं लिहून, तर नंतर संगणकात कोणी काही बदललं की त्याच्या हातात पुरावा असतोच.

ठराव करण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा. नोड कुठे आणि कुणाचे, एक नोंद पक्की व्हायला किती वेळ आणि तो किती नोडवर मोजला, आणि त्यांचं कंत्राट संपल्यावर नोंदी संस्थेला कुठल्या स्वरूपात मिळणार. तिसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं तर चेअरमनसाहेबांना पुढच्या मीटिंगला तेवढंच वाचून दाखवा.